हापसा, टीसीएल, हंडा आणि टँकर : पाणी भरणाऱ्यांचे प्रश्न

पाण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं योजनांविषयी नाहीतच. ती आहेत वॉशर, दोर, ओटा, वेळ आणि रांग यांबद्दल. योजनेच्या कागदावर या गोष्टींना जागा नसते, पण बाईचा दिवस त्यांतच जातो. म्हणून या वेळी अशाच पत्रांना सविस्तर उत्तरं देत आहोत.

प्रश्न : वस्तीवर एकच हापसा आहे. आधी चार-पाच वेळा दांडा मारला की पाणी यायचं. आता तीस-तीस वेळा मारावा लागतो, मग मात्र बऱ्यापैकी येतं. अर्धा तास कुणी आलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. ग्रामपंचायत म्हणते, बोअरचं पाणीच खोल गेलं. खरं कसं कळावं?
— बचत गटाच्या अध्यक्षा, ता. आष्टी, जि. बीड

ताई, तुम्ही लिहिलेली लक्षणं पाणी आटल्याची वाटत नाहीत, गळतीची वाटतात. बोअरचं पाणी कमी झालं की उलटं घडतं. रात्रभर विसावा मिळाल्यावर पहाटे पहिले काही हंडे झरझर भरतात, मग धार तुटते, दांड्याला हवा लागते आणि थोडं थांबल्याशिवाय पुन्हा पाणी येत नाही. तुमच्याकडे सुरुवातीलाच पाणी येत नाही, नंतर येतं. म्हणजे हापसा थांबला की पाइपात उभं असलेलं पाणी खाली उतरून जातं आणि तो पाइप पुन्हा भरेपर्यंत तुमचे हात दुखतात.

हिशोब साधा आहे. देशभर बसलेल्या इंडिया मार्क-२ हापशाचा सिलिंडर आतून ६३.५ मिलिमीटरचा असतो आणि दट्टा एका वेळी १२५ मिलिमीटर सरकतो. एका दांड्याला साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी उचललं जातं. तीस दांडे म्हणजे दहा-अकरा लिटर. ३२ मिलिमीटरच्या पाइपात सळई (दांडा आणि दट्टा जोडणारी) सोडून मीटरला एक लिटरला थोडं कमी पाणी मावतं. म्हणजे दर वेळी दहा-बारा मीटर पाइप रिकामा होतोय.

आता दोन चाचण्या करा. बादली आणि घड्याळ एवढंच लागतं.

पहिली : धार चालू झाल्यावर एका मिनिटात ४० दांडे पूर्ण मारा आणि पाणी मोजा. चांगला हापसा १२ ते १५ लिटर देतो. १० लिटरच्या खाली आलं तर दुरुस्ती हवी, बहुधा दट्ट्यावरचे वॉशर (मिस्त्री त्यांना बकेट म्हणतात) झिजलेले असतात.

दुसरी : हापसा अर्धा तास बंद ठेवा आणि धार यायला किती दांडे लागतात ते मोजा. पाचापेक्षा जास्त लागले तर गळती नक्की. हीच मोजणी रात्रभर बंद ठेवून पहाटे करा. आकडा अर्ध्या तासाइतकाच राहिला तर पाइपाच्या एखाद्या जोडात किंवा भोकात गळती आहे, कारण पाणी त्या भोकापर्यंत उतरून थांबतं. पहाटेचा आकडा बराच वाढला तर तळाचा फूट व्हॉल्व्ह (पाणी खाली परत जाऊ न देणारी झडप) नीट बसत नाही. त्याचं रबर गेलेलं असतं किंवा खडा अडकलेला असतो.

दांडा एकदम हलका लागला आणि पाणी मुळीच आलं नाही, तर सळई तुटलेली किंवा सुटलेली आहे. दांडा वर जाताना साखळी दुमडत असेल तर दट्टा सिलिंडरमध्ये अडकतोय. नवे वॉशर घातल्यावर हे बऱ्याचदा होतं.

वॉशर आणि रबर यांचा खर्च किरकोळ असतो. खरी अडचण ते बाहेर काढण्याची. मार्क-२ मध्ये सिलिंडर उघडायला सगळे पाइप उपसावे लागतात. ३० मीटरचे पाइप, सळया आणि आतलं पाणी मिळून दीडशे किलोच्या आसपास वजन होतं. त्यासाठी तिकाटणं, क्लॅम्प आणि चार माणसं लागतात. म्हणून पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाची वाट पाहावी लागते. मार्क-३ मध्ये पाइप ६५ मिलिमीटरचा असतो, दट्टा आणि फूट व्हॉल्व्ह सळयांबरोबर वर येतात, पाइप जागेवरच राहतो. नवीन हापसा बसत असेल तर मार्क-३ मागा. तो गावातल्या दोन शिकलेल्या बायका पान्यांनी उघडू शकतात.

अर्जात 'हापसा नादुरुस्त आहे' एवढंच लिहू नका. तारीख, ४० दांड्यांचं पाणी, अर्ध्या तासानंतरचे दांडे, पहाटेचे दांडे हे चार आकडे लिहा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) पोच घ्या. पथकाला त्यावरून कोणतं सामान आणायचं ते कळतं. ग्रामपंचायतीची देखभाल वर्गणी थकलेली नाही ना, हेही त्याच वेळी विचारा. दर महिन्याला समोरचं झाकण उघडून साखळीला ग्रीस लावा आणि दांड्याच्या आसाचे नट व खालच्या फ्लँजचे बोल्ट आवळा.

जाता जाता, देशभर बसलेल्या या हापशाची मुळं आपल्याच मातीत आहेत. एका कुटुंबासाठी केलेले ओतीव लोखंडाचे पंप अख्ख्या गावानं वापरले की मोडत. त्यावर उपाय म्हणून जालना आणि सोलापूर भागातल्या मिशनच्या कार्यशाळांत पोलादी पंप तयार झाले, आणि सोलापूरच्या पंपावरूनच १९७०च्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं मार्क-२ घडला. त्याच जालना-बीड पट्ट्यात आज एका रबरापायी बायका तीस दांडे फुकट मारतात.

प्रश्न : आमच्या विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकली की दोन दिवस उग्र वास येतो. मग बायका पिण्याचं पाणी ओढ्याच्या झिऱ्यावरून आणतात, दीड किलोमीटर. कमी टाकली तर आरोग्य खातं ओरडतं. नक्की किती टाकावी?
— ग्रामपंचायत सदस्य, ता. जत, जि. सांगली

वास आला की बायका उघड्या झिऱ्याकडे वळतात, म्हणजे जादा टीसीएलनं रोग टळत नाही, वाढतो. त्यामुळे मापाला पर्याय नाही.

आधी विहिरीतलं पाणी मोजा. दोराला दगड बांधून पाण्याची खोली मीटरमध्ये घ्या आणि विहिरीचा व्यास घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ०.७८५, हे झाले घनमीटर. त्याला १००० नं गुणलं की लिटर. व्यास ५ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर सुमारे ५९ हजार लिटर होतात. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. तिचं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे या विहिरीला दीडशे ग्रॅमसुद्धा लागत नाही. आपल्याकडे ओंजळीनं, नाहीतर 'अर्धी पिशवी' असं टाकतात. वास तिथूनच येतो.

पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात पाण्याची खोली वेगळी असते, म्हणून मोजणी दर वेळी करा. मे महिन्यात ऑक्टोबरचं माप टाकलं की पाणी नाकाला लावता येत नाही.

टाकण्याची रीतही महत्त्वाची. पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका, म्हणजे वरच्या उदाहरणात दोन बादल्या लागतील. पाच-दहा मिनिटं थांबा, चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि चुन्याचा गाळ बाहेर टाका. तो विहिरीत गेला की पाणी जड होतं. निवळ पाण्याची बादली दोरानं पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवा. नंतर किमान तासभर कुणी पाणी शेंदू नये. सगळ्यांत बरं म्हणजे रात्री, शेवटचा हंडा भरून झाल्यावर टाकायचं. पहाटे पाणी तयार असतं आणि कुणाची खेप अडत नाही.

तासाभरानं ओटी चाचणी घ्या, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिन या औषधाचे थेंब टाकून रंगावरून शिल्लक क्लोरीन मोजा. विहिरीत लिटरला अर्धा मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन हवा, घरच्या नळाला किमान ०.२. रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा, उशिरा वाचला की आकडा फुगतो. तपासलेलं पाणी ओतून द्या, ते औषध विषारी आहे. रंग मुळीच आला नाही तर एक तर पाणी गढूळ आहे (गाळ क्लोरीन खातो) किंवा पावडर मेलेली आहे. तोंड उघडं ठेवलेली, ओल लागलेली पिशवी काही आठवड्यांत निकामी होते. क्लोरीन २० टक्क्यांवर आलेला असेल तर हजार लिटरला चार ग्रॅमांवर जावं लागतं. त्याहून कमी असेल तर ती पावडर परत करा.

प्रश्न : पावसाळ्यात नदीचं पाणी साडीनं गाळून पितो. पुरतं का?
— शेतमजूर, ता. एटापल्ली, जि. गडचिरोली

पुरत नाही, पण व्यर्थही नाही. पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू पाण्यातल्या सूक्ष्म किड्यांना चिकटून राहतात. बांगलादेशातल्या मतलब भागात जुनी सुती साडी किमान चौपदरी करून पाणी गाळल्यावर पटकीचं प्रमाण सुमारे निम्म्यानं घटल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. साडी जुनीच हवी, धुऊन धुऊन धागे फुगलेली; नव्या साडीची वीण सैल राहते. गाळल्यावर कापड गाळलेल्याच पाण्यानं धुवा आणि कडक उन्हात वाळवा. हगवणीचे सुटे जंतू मात्र कापडातून जातात, म्हणून नंतर उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाका. गढूळ पाण्यात गोळी वाया जाते, त्यामुळे आधी गाळणं, मग गोळी.

प्रश्न : आमच्या पाड्यावरच्या बायकांची मान आणि कंबर दुखते. एक हंडा डोक्यावर, त्यावर कळशी, आणि एक काखेत. चढ आहे. फिरता ड्रम द्यावा अशी सूचना आली आहे. घ्यावा का?
— आशा स्वयंसेविका, ता. सुरगाणा, जि. नाशिक

फिरता ड्रम सपाट मातीच्या रस्त्यावर खरंच सोयीचा आहे. एका वेळी ४५ लिटर येतं आणि ते शाळकरी मुलगाही ओढू शकतो. घरातल्या पुरुषाला तो ओढायला लाज वाटत नाही, ही त्याची आणखी एक जमेची बाजू. पण तुमच्या पाड्याच्या वाटेला दगड आणि चढ आहे. भरलेला ड्रम ४५ किलोंहून जड असतो. चढाला तो मागे ओढतो, उताराला अंगावर येतो, आणि दगडांनी प्लास्टिक घासून फुटतं. आधी एक आणून, भरून, त्याच वाटेनं नेऊन बघा. नुसत्या चित्रावरून मागणी करू नका.

दुखण्याचा मोठा भाग चालण्यात नाही, उचलण्यात आहे. पंधरा लिटरचा हंडा जमिनीवरून वाकून उचलणं आणि डोक्याच्या वर नेणं हा सगळ्यांत वाईट क्षण, आणि तो सिमेंटच्या दोन ओट्यांनी बराचसा टळतो. हापशाशेजारी किंवा विहिरीच्या कठड्यालगत एक ओटा गुडघ्याच्या उंचीचा (साधारण ४५ सेंटिमीटर) आणि लागून दुसरा मीटरभर उंचीचा बांधा. हंडा आधी खालच्या ओट्यावर, मग वरच्या, मग थोडं गुडघ्यात वाकून चुंबळीवर. वरचा भाग खरबरीत ठेवा, कडेला बोटभर उंचवटा आणि गटाराकडे उतार द्या. उंची ठरवताना गवंड्याला नव्हे, पाड्यावरच्या बुटक्या बाईला उभं करून माप घ्या. घराच्या दारातही असाच एक ओटा हवा, कारण हंडा उतरवतानाही कंबर तेवढीच धरते.

काखेतली कळशी नेहमी एकाच बाजूला असते, त्यानं पाठीचा कणा तिरका ताण घेतो. ती सोडून देता येत नसेल तर दर खेपेला बाजू बदला. विहिरीवर कप्पी नसेल तर बसवून घ्या. कप्पीनं वजन कमी होत नाही, पण दोर खाली ओढता येतो, अंगाचा भार कामी येतो आणि आत वाकावं लागत नाही.

एक गोष्ट तुम्हीच घरोघरी सांगू शकता : पोटुशीनं आणि बाळंतिणीनं, निदान बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, भरलेला हंडा उचलू नये. अंग (गर्भाशय) बाहेर येण्याच्या तक्रारीमागे अनेकदा हे लवकर उचललेलं ओझं असतं. सासूला सांगण्यापेक्षा नवऱ्याला सांगा. तेवढे दिवस पाणी कोण भरणार, याचं उत्तर त्याच्याकडूनच यायला हवं.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस धो-धो, आणि एप्रिलपासून टँकर. छपराचं पाणी साठवलं तर उन्हाळा निघेल का?
— शिक्षिका, ता. मोखाडा, जि. पालघर

सगळा निघणार नाही, पिण्याचा निघेल. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर पडला की एक लिटर पाणी होतं. ३० चौरस मीटरच्या कौलारू घरावर हजार मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा सांडला असं मानलं, तरी २४ हजार लिटर. तुमच्याकडे पाऊस याच्या दुपटीहून जास्त. पाण्याची कमी नाहीच, कमी आहे ती टाकीची.

म्हणून उलटा हिशोब करा. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ३० लिटर लागतात. एप्रिल आणि मे मिळून १८०० लिटर. म्हणजे घरटी २००० लिटरची टाकी पुरते. मोठ्या टाकीच्या नादी लागून काहीच न करण्यापेक्षा हे जमणारं आहे.

चुका कुठे होतात, तर पहिली जूनमध्ये. पहिल्या पावसाचं पाणी छपराची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पाला घेऊन येतं, ते आत घेतलं जातं. पन्हाळीच्या पाइपाला टाकीआधी खाली तोंड करून एक बंद नळकांडं जोडा, तळाला बूच. पहिलं पाणी त्यात जातं, ते भरलं की पुढचं टाकीत. पाऊस उघडला की बूच काढून रिकामं करा. दुसरी चूक ऑक्टोबरमध्ये. टाकी भरलेली दिसते, नळ हाताशी असतो, आणि विहिरीला पाणी असतानाही टाकीचं वापरलं जातं. डिसेंबरात टाकी कोरडी. तेव्हा पावसाळ्यात हवं तितकं वापरा, सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात टाकी धुऊन पुन्हा भरा, क्लोरीन टाका, आणि एप्रिलपर्यंत नळाला कुलूप. आत उजेड गेला की शेवाळ धरतं. सांडव्याला बारीक जाळी नसेल तर डास अंडी घालतात. गवती छपराचं पाणी पिण्याला घेऊ नका, त्याचा रंग आणि वास जात नाही.

प्रश्न : गटातल्या पाच घरांत मिळून एक नळ आहे. पाणी पहाटे साडेचारला येतं, जेमतेम तासभर. शेवटच्या घराला मिळतच नाही, म्हणून रोज भांडण. शेजारच्या गल्लीत मोटर लावतात.
— गृहिणी, मानखुर्द, मुंबई

भांडण तुमच्या पाच जणींचं नाही, मिनिटांचं आहे. मुंबईत इमारतीतल्या माणसासाठी दिवसाला १३५ लिटर धरतात आणि झोपडपट्टीतल्या माणसासाठी ४५. घरटी पाच माणसं धरली तर पाच घरांना ११२५ लिटर लागतात. मिनिटाला दहा लिटरची धार असेल तर नळ एकशे बारा मिनिटं चालायला हवा. तुम्हाला साठ मिळतात. म्हणजे कमी मापाचं पाणीही निम्मंच येतंय.

दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते आठवडाभर, पाणी आल्या-आल्या आणि संपताना, लिहून ठेवा. आल्या-आल्याच धार बारीक असेल तर दाब कमी आहे किंवा जोडणीत गंज-कचरा आहे. सुरुवातीला चांगली आणि मध्येच बारीक होत असेल तर पुढे कुणीतरी मोटर चालू करतंय. वॉर्ड कार्यालयाच्या जलविभागाकडे तक्रार करताना या दोन गोष्टी वेगळ्या लिहा, त्यांचे उपाय वेगळे आहेत.

तुम्हीही मोटर लावू नका. मोटर पाइपातलं पाणी शोषते तेव्हा आत दाब उलटा होतो आणि गटारातून गेलेल्या पाइपाच्या सैल जोडातून घाण आत ओढली जाते. पावसाळ्यात गल्लीत एकदम जुलाब सुरू होतात, त्यामागे अनेकदा हेच असतं. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत क्रम रोज एक घर पुढे सरकवा : आज जे घर शेवटी, ते उद्या पहिलं.

ज्यांना जोडणीच नाही अशा शेजारणींना सांगा की झोपडी अनधिकृत म्हणून पाणी नाकारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये म्हटलं आहे, आणि महापालिकेनं २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणलं. अर्ज गटानं करायचा. या जोडणीनं झोपडीवरचा हक्क सिद्ध होत नाही, तेव्हा पाण्याच्या बिलावर घराचे कागद करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : टँकर येतो आणि वाडीच्या कोरड्या विहिरीत ओततो. मग आम्ही ते गढूळ पाणी शेंदतो. मोठ्या गावात नळ आहे म्हणून वाडीची मागणी ऐकत नाहीत.
— वाडीवरच्या काही जणी, ता. माण, जि. सातारा

विहिरीत ओतणं टँकरवाल्याच्या सोयीचं आहे, दहा मिनिटांत तो मोकळा. पण काळ्या पाषाणाच्या भेगांतून त्यातलं बरंच पाणी मुरून जातं, तळाचा गाळ ढवळला जातो, आणि सगळ्या जणी एकाच वेळी कठड्यावर वाकतात. ५००० लिटरची प्लास्टिकची टाकी दीड-दोन फुटांच्या पक्क्या चौथऱ्यावर बसवा आणि तिला चार तोट्या लावा. चारही चालू राहिल्या तर दोन-अडीच तासांत टाकी रिकामी होते, रांग सुटते आणि क्लोरीन मापून टाकता येतो. तोट्या हंड्याच्या तोंडापेक्षा वीतभरच वर ठेवा. उंच ठेवल्या की पाणी उडतं, चिखल होतो.

टंचाईच्या निकषात ग्रामीण भागात माणशी २० लिटर धरतात. वाडी २४० माणसांची असेल तर दिवसाला ४८०० लिटर लागतात. म्हणजे अशी एक टाकी रोज भरली पाहिजे. 'दिवसाआड टँकर' असं कागदावर असेल तर तो दहा हजार लिटरचा हवा आणि टाक्या दोन.

मागणीसाठी वाडीचा हिशोब गावापासून वेगळा काढा, नाहीतर नळ असलेल्या गावाच्या सरासरीत तुमची वाडी बुडते. एप्रिल-मे महिन्यात सात दिवस, दहा घरांत, एवढंच लिहा : घरातून निघाल्याची वेळ, रांगेत लागल्याची, हंडा भरल्याची, परत आल्याची, आणि किती लिटर आणलं. पावसाळ्यात मोजलं तर उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ जाऊन-येऊन, रांगेसकट, अर्ध्या तासाच्या आतलं पाणी हीच किमान सोय मानतात. जल जीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटर आहे. पाच जणांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे अठरा-एकोणीस हंडे. एवढं कुणीच वाहून आणू शकत नाही. म्हणून लोक कमी अंघोळ करतात, कमी धुतात, आणि मागणी कमी आहे असं दिसतं.

हा कागद आधी महिला ग्रामसभेत ठरावासह मांडा, मग मुख्य ग्रामसभेत. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट लिहा : वाडीची लोकसंख्या वेगळी, टाकीची जागा, आणि टँकरच्या खेपांच्या वहीवर वाडीतल्याच बाईची सही. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असल्या पाहिजेत. त्यांत तुमच्या वाडीची कुणी आहे का ते नावानिशी विचारा. ठरावाची प्रत घेऊन ग्रामपंचायतीमार्फत प्रस्ताव गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांकडे जातो, आणि दोघांची संयुक्त पाहणी होते. पाहणीचा दिवस आधी कळवून घ्या आणि ती सकाळी रांग असताना व्हावी असा आग्रह धरा. दुपारी दोन वाजता विहिरीवर कुणीच नसतं.